मॅट्रिकचा उंबरठा

पालघर, बोईसर, तारापूर आणि चिंचणी या पट्ट्यातील वडीलधारी माणसे नातवंडांच्या दहावीला आजही सहजपणे 'मॅट्रिक' म्हणतात. वस्तुतः त्या नावाची मुंबई विद्यापीठाची परीक्षा मागे पडून पाऊणशे वर्षे उलटली. १९४९ साली तिची जागा एस.एस.सी.ने घेतली आणि १९७५ साली एस.एस.सी.देखील अकरावीवरून दहावीवर आली. परीक्षेचे नाव, इयत्ता, मंडळ, विषय असे सारे बदलले; लोकांच्या तोंडचा शब्द तेवढा टिकून राहिला. या चिवट शब्दात आमच्या किनाऱ्याच्या सामाजिक इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. दहा-अकरा वर्षे शाळेत घालवलेल्या मुलाच्या खाती शेवटी काय जमा झाले, हे कोणी ठरवावे आणि कशाच्या आधारे ठरवावे, या प्रश्नाचा तो धागा आहे. त्याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

'मॅट्रिक्युला' या लॅटिन शब्दाचा अर्थ नोंदवही. युरोपातील विद्यापीठांत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव ज्या वहीत लिहिले जाई, तिला हे नाव होते. ख्रिस्ती वाचकांना नोंदवहीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. जन्मनोंदणी गावोगाव पोहोचण्यापूर्वी आमच्या अनेक घरांतील मुलांच्या वयाचा भरवशाचा पुरावा म्हणजे धर्मग्रामाच्या दप्तरातील बाप्तिस्म्याची नोंद. वहीत नाव असणे म्हणजे जगाच्या लेखी असणे, हा अनुभव आम्हांस जुना आहे. मॅट्रिकनेही तेच केले. ज्याचे नाव त्या वहीत चढले तो शिकलेला ठरला. ज्याचे चढले नाही, तो कितीही शिकला असला तरी त्याच्या शिक्षणाची नोंद कोठेच झाली नाही.

१८५४ सालच्या वुड यांच्या खलित्यास अनुसरून १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांतही हे दोघे होते. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. ही परीक्षा विद्यापीठात शिरण्यासाठी होती. मुलाने शाळा नीट पुरी केली असे स्वतःच्या अधिकारात सांगण्याचा हक्क शाळेला नव्हता. शाळेचा शेवट विद्यापीठाच्या दारात मोजला जाई. ज्या मुलास पुढे विद्यापीठात जावयाचेच नव्हते, ज्यास तारघरात, रेल्वेत किंवा कचेरीत चिकटावयाचे होते, त्याचेही माप याच काट्यावर होई.

या काट्याची रीत मोठी कठोर होती. सर्व विषय एकाच वेळी, एकाच बैठकीत सुटले तर उत्तीर्ण. एक विषय राहिला तर सारेच गेले. इंग्रजीत अडखळलेला मुलगा गणितात आणि संस्कृतात कितीही चमकला असला तरी घरी परतताना त्याचे हात रिकामेच असत. गंमत अशी, की विद्यापीठाने जे जमा धरले नाही ते समाजाने आपल्या परीने जमा धरले. 'मॅट्रिक नापास', 'इंटर नापास' असे शब्द लोक अर्जांत आणि परिचयपत्रांत पात्रता म्हणून लिहू लागले. आज आपण त्यास हसतो. परंतु त्यामागे एक साधा न्याय होता. परीक्षेपर्यंत पोहोचलेला मनुष्य न पोहोचलेल्यापेक्षा काही तरी अधिक शिकलेला असतो आणि त्या अधिकाचे मोल असावयास हवे, एवढेच ते शब्द सांगत होते. मराठी शाळांतून सातवीची 'व्हर्नाक्युलर फायनल' उत्तीर्ण होणाऱ्यास प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची वाट मोकळी असे. खेड्यापाड्यांत 'फायनल झालेला' मनुष्य पत्रे वाचून दाखवी, अर्ज लिहून देई. मॅट्रिकच्या उंबरठ्याखालची ही एक पायरी होती आणि तिच्यावर अनेकांचे संसार उभे राहिले.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाविषयी त्यांनी त्यात जे सांगितले ते सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनातील आणखी एका मुद्द्याकडे सहसा लक्ष जात नाही. विद्यापीठाने प्रवेश परीक्षेस खासगी अभ्यास करून बसण्याची मुभा दिली, याबद्दल फुल्यांनी समाधान व्यक्त केले आणि हीच मुभा वरच्या परीक्षांनाही द्यावी असे सुचविले. घरच्या कामामुळे, पैशाच्या ओढीमुळे किंवा गावात हायस्कूल नसल्यामुळे ज्यास वर्गात बसता येत नाही, त्याने घरी मिळविलेले ज्ञानही जमेस धरावे, ही ती मागणी होती. त्याच आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचविल्या: एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यापार व व्यवहाराकडे नेणारी. दुसरी वाट ओसाडच राहिली. नोकरी देणारे मॅट्रिकच मागत असतील तर दुसऱ्या वाटेने कोण जाणार?

साधारण याच विषयाचे उत्तर अमेरिकेने पुढे वेगळ्या रीतीने शोधले. १९०५ साली उभ्या राहिलेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देऊ केले. परंतु ज्या महाविद्यालयांचे प्रवेशाचे नियम निश्चित असतील त्यांनाच. त्यासाठी हायस्कूलच्या अभ्यासाचे एक माप ठरले. एका विषयाचे वर्षभरात सुमारे १२० तास म्हणजे एक एकक आणि प्रवेशास अशी १४ एकके. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पोटापाण्याच्या तजविजीतून अमेरिकी शाळकरी मुलांच्या अभ्यासाचे नाणे पाडले गेले, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची. या नाण्याचा दोष उघड आहे: तास भरले म्हणजे शिकणे झाले असे नव्हे. पण त्याचा एक गुणही आहे. एका विषयात कमावलेले एकक दुसऱ्या विषयातील अपयशाने बुडत नाही. तेथे मुलाचे खाते दरवर्षी लिहिले जाते. आमच्याकडे ते एका मार्च महिन्यात, काही प्रश्नपत्रिकांवर लिहिले जाई.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. आजचा पालघर तालुका पूर्वी माहीम तालुका म्हणून ओळखला जाई. १८६० च्या दशकात मुंबई-बडोदा रेल्वे या भागातून गेली आणि रुळांलगतची गावे हळूहळू मोठी झाली. पण मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण हवे तर बहुतेकांना घर सोडावे लागे. मुंबईत नातलगाच्या खोलीत पथारी मिळाली तरच ते जमे. केळवे-माहीमच्या दांडेकर घराण्यातील शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर (जन्म १८९६) पुण्यास स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पालघरच्या महाविद्यालयास आज त्यांचेच नाव आहे. हळूहळू हायस्कुले गावाजवळ आली. बोर्डीस गोखले एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात आचार्य शंकरराव भिसे यांनी शिक्षणाला समाजसेवेची जोड दिली. चिंचणीच्या के. डी. हायस्कुलाने तारापूर खाडीच्या दोन्ही तीरांवरील मुलांना जवळची शाळा दिली.

परंतु किनाऱ्यापासून पूर्वेस काही मैल चालून गेले की चित्र पालटे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांतील वारल्यांना जे कागद ठाऊक होते ते सावकाराचे व जमीनदाराचे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे राबावयाचे, या पद्धतीस 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ व गुलामी यांविरुद्ध जो लढा दिला, त्याचा आरंभ येथला. ज्या समाजाच्या वहीतील नोंद नेहमी नावेच पडत आली, त्याला 'तुझ्या खाती विद्या जमा होईल' असे सांगणे सोपे नव्हते.

त्याच १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि त्यांच्या सोबतीस अनुताई वाघ आल्या. १९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताईंच्या बालशिक्षणकार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाचा क्रम पाहावयाचा आहे. १९१० साली जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. १९२९ साली पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण पुरे झाले. नंतर शिक्षिकेची नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली ती १९६१ साली, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. म्हणजे ज्या बाईने हजारो मुलांना आणि शेकडो शिक्षिकांना घडविले, तिचे स्वतःचे खाते तीस-बत्तीस वर्षे तुकड्यातुकड्याने भरत होते. रात्रशाळेचे दार उघडे नसते तर ते १९२९ सालीच बंद झाले असते. १९८५ साली पद्मश्री देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. त्या गौरवात रात्रीच्या त्या दिव्याचाही वाटा आहे.

कोसबाडच्या प्रयोगांत 'कुरणशाळा' होती. गुरे राखावयास गेलेली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणावर जावे, हा तिचा साधा विचार. मुलाने आपले काम सोडून वर्गात यावे, तरच त्याचे शिकणे खरे, या समजुतीला कुरणशाळेने तडा दिला. झाडांची नावे, पक्ष्यांचे आवाज, गुरांची मोजदाद, पावसाची चिन्हे हे त्या मुलांजवळ आधीच होते. शिक्षिका त्यावर अक्षर आणि अंक चढवी. ताराबाई व अनुताई यांनी या मुलांचे खाते शून्यापासून उघडले नाही. मागची शिल्लक धरून उघडले.

स्वातंत्र्यानंतर परीक्षेची घडी बदलली. मुंबई प्रांताने १९४८ साली कायदा करून शालान्त परीक्षेचे मंडळ स्थापले आणि १९४९ साली पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. शाळेचा शेवट मोजण्याचे काम विद्यापीठाकडून निघून शाळांच्या मंडळाकडे आले, हे मोठे पाऊल होते. महाराष्ट्राचे राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार १०+२+३ ची रचना स्वीकारल्यावर १९७५ साली दहावीची पहिली एस.एस.सी. व १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली.

नेमक्या याच काळात बोईसर-तारापूरचे रूप पालटत होते. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये वीज देऊ लागले. पाठोपाठ बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. भातशेती, मासेमारी, वाडीतील चिकू-भाजी यांवर जगणाऱ्या गावांच्या वेशीवर भोंगा वाजू लागला. शेतात आणि होडीवर कोणी गुणपत्रिका मागत नव्हते. फाटकावरचा पहिला प्रश्न मात्र 'दहावी झाली का?' हाच होता. कायम तंत्रज्ञाच्या जागेला दहावी आणि त्यावर आयटीआय ही किमान अट. दहावी नसलेल्याच्या वाट्यास ठेकेदाराची रोजंदारी. तिसऱ्या व चौथ्या संचांच्या प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. २००५ व २००६ साली ते संच सुरू झाले. जमीन गेलेल्या घराला आता शिक्षण हीच जमीन होती आणि तिचा सातबारा म्हणजे दहावीची गुणपत्रिका.

या पट्ट्यात एक विरोधाभासही नांदत होता. अणुऊर्जा वसाहतीतील शाळा केंद्रीय मंडळाशी जोडलेल्या; आजूबाजूच्या गावांतील शाळा राज्य मंडळाशी. २०११ ते २०१७ या काळात केंद्रीय मंडळाने दहावीची सार्वजनिक परीक्षा ऐच्छिक केली होती. वर्षभराच्या सातत्यपूर्ण मूल्यमापनावर मुलास पुढे जाता येत होते. २०१८ पासून ती परीक्षा पुन्हा सक्तीची झाली. त्या सात वर्षांत कुंपणाच्या आतील मुलाचे वर्षभराचे काम जमेस धरले गेले आणि कुंपणाबाहेरील मुलास मार्चचा जुना उंबरठाच ओलांडावा लागला. समुद्र तोच, वारा तोच, काटे दोन.

तथापि राज्य मंडळाचा उंबरठाही काळाच्या ओघात झिजत आला, हे नमूद केले पाहिजे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास उत्तीर्ण विषयांतून सूट घेऊन राहिलेल्या विषयांचीच परीक्षा देता येऊ लागली. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरच्या अर्जाची वाट आहे. फुल्यांनी ज्या खासगी अभ्यासाची बाजू घेतली, त्याचाच हा वारस. एक-दोन विषय राहिलेल्यास अटीवर अकरावीत बसता येऊ लागले. २०१५ पासून ऑक्टोबरची वाट न पाहता जुलैमध्येच पुरवणी परीक्षा होऊ लागली, त्यामुळे वर्ष वाचले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ सालापासून याही पुढे गेली आहे. तेथे एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो, विषय एकेक करून सोडविता येतात आणि दुसऱ्या मंडळात उत्तीर्ण झालेले जास्तीत जास्त दोन विषय सोबत आणता येतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर शालेय वर्षाच्या १,२०० तासांच्या अध्ययनास ४० श्रेयांक असे मापच दिले आहे. 'श्रेयांक' हा शब्द नवा. त्यामागचा प्रश्न 'मॅट्रिक नापास' लिहिणाऱ्यांइतका जुना.

येथे एका प्रामाणिक आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सार्वजनिक परीक्षेचा एक गुण असा, की तपासनिसाच्या हाती केवळ बैठक क्रमांक असतो. पाड्यावरचा मुलगा आणि पेठेतला मुलगा त्याच्या लेखी सारखे. जातीचे, पंथाचे, बापाच्या वजनाचे ओझे उत्तरपत्रिकेवर पडत नाही. मूल्यमापन सर्वस्वी ओळखीच्या हाती गेले तर ओळख नसलेल्याचे नुकसान होण्याची भीती आहे. शिवाय शिकण्यावाचून मिळालेली जमा खोट्या नाण्यासारखी असते. २०२१ साली महामारीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीचे ५०, दहावीच्या वर्षातील लेखी कामाचे ३० व तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे गुण धरून निकाल लावण्यात आला, तो ९९.९५ टक्के लागला. कठीण प्रसंगी ते योग्यच होते. पण आश्रमशाळा बंद पडून पाड्यावर परतलेल्या, हाती दूरध्वनी नसलेल्या मुलांच्या खाती गुण चढले तरी विद्या किती चढली, हा प्रश्न उरतोच. म्हणून अनोळखी तपासनीस असावा, असे आम्हांस वाटते. त्याच्या एका दिवसाच्या निकालाने मागील सारे पुसले जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

कारण पुसले जाण्याचे प्रकार येथे अजून घडतात. जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे सुगी सरली की वीटभट्ट्यांवर जातात. मुले सोबत जातात. अर्धे वर्ष शिकलेले मूल होळीनंतर परतते तेव्हा त्याचे नाव हजेरीपटावर उरते, पण ७५ टक्के उपस्थितीचा नियम त्यास नियमित परीक्षार्थी होऊ देत नाही. त्याने जूनपासून दिवाळीपर्यंत जे शिकले त्याची नोंद भट्टीजवळच्या शाळेत पोहोचत नाही आणि भट्टीजवळ काही शिकले असेल तर ते गावी येत नाही. अर्ध्या वर्षाचे शिक्षण दोन गावांच्या मध्ये कोठे तरी सांडते. श्रेयांकाची खरी कसोटी अशा मुलाच्या बाबतीत आहे. महाविद्यालयातील मुलाचे श्रेयांक संगणकावर जमा करणे सोपे. भट्टीवरच्या मुलाचे अर्धे वर्ष जमा करण्यास कोणी तरी त्याच्या मागोमाग वही घेऊन जावयास हवे. कोसबाडच्या शिक्षिका कुरणावर गेल्या त्याच अर्थाने.

ही बाब टाळता येण्याजोगी नाही. २०१४ साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा या बंदरास असलेला विरोध हा स्वतंत्र विषय आहे. परंतु बंदर उभे राहिले तर त्याच्याही फाटकावर अणुवीज केंद्राच्या आणि कारखान्यांच्या फाटकावरचाच प्रश्न विचारला जाईल. त्या दिवशी जाळे आणि होडी गमावलेल्या घरातील तरुणाच्या हाती काय असेल, हे आजच्या नववी-दहावीच्या वर्गांत ठरत आहे.

आमच्या धर्मग्रामांत, पाड्यांत आणि कोळीवाड्यांत अशा कित्येक गुणपत्रिका पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून आहेत, ज्यांवर चार-पाच विषय उत्तीर्ण आणि गणित वा इंग्रजी तेवढे राहिलेले आहे. त्यांच्या मालकांना वाटते की तो कागद अपयशाचा दाखला आहे. त्यांच्याजवळ बसून तो कागद वाचणारा शेजारी, शिक्षक, धर्मगुरू वा धर्मभगिनी भेटली, तर त्यांना कळेल की त्यातील पुष्कळसे जमेच्या बाजूला आहे: राहिलेल्या विषयांचा अर्ज भरता येतो, शाळा सुटून वर्षे लोटली असली तर सतरा नंबरची वाट आहे, मुक्त विद्यालयाचे दार आहे. १८५९ साली उघडलेली ती नोंदवही इतक्या वर्षांनी आता तुकड्यातुकड्याने लिहिलेल्या नोंदीही स्वीकारू लागली आहे. पुरवणी परीक्षेचे अर्ज निकालानंतर थोडेच दिवस उघडे असतात. तेवढ्या दिवसांत ती पेटी उघडली गेली पाहिजे.